पाचवा खडा

मी तापट आहे हे पिनरमधल्या निम्म्या मराठी घरांना माहीत आहे, आणि उरलेल्या निम्म्यांना त्यांनी सांगितलेलं आहे. एकतीस वर्षं मी इथल्या हॉस्पिटलांमध्ये भूल देण्याचं काम केलं. पेशंटला झोपवायचं आणि सर्जनला जागं ठेवायचं, त्याला तोंड लागतंच. तेव्हा आता जे सांगणार आहे त्यात मी कुठे गप्प बसले तेवढं नीट ऐका. जिथे घर डोक्यावर घ्यायला हवं होतं, नेमकी तिथेच बसले.

आमच्याकडे खड्याच्या गौरी असतात. मुखवटे नाहीत, साड्या नाहीत, कसलाही थाटमाट नाही. पाणवठ्यावरून पाच खडे वेचून आणायचे, तीच गौर. घरच्या मुलीने किंवा सवाष्णीने आणायचे, तोंडात पाण्याची गुळणी धरून, न बोलता, मागे न बघता. दारात तिचे पाय धुवायचे, तिने गुळणी तुळशीत टाकायची, मग आपण विचारायचं, 'गौरी आली, कशाच्या पावली?' ती म्हणते, 'सोन्याच्या पावली.' मग तिला सगळं घर दाखवायचं, हे स्वयंपाकघर, ही झोपायची खोली, हे धान्य, हे कपडे, सगळीकडे भरभराट असू दे. सासूबाईंनी मला शिकवलं आणि मी ते चाळीस वर्षं पिनरमध्ये केलं. पिन म्हणून एक नदी आहे इथे. नदी कसली, ओहोळच. कुत्री पोटापर्यंत भिजत नाहीत तिच्यात. मुलगी नव्हती म्हणून दर वर्षी मीच तोंडात पाणी भरून त्या काठाने चालायचे, आणि ओळखीचे इंग्रज हॅलो म्हणायचे तेव्हा गाल फुगवून नुसती मान हलवायचे.

या वर्षी नात होती. उर्वी, सात वर्षांची.

गंधार आमचा एकुलता एक. जन्म इथला, शाळा हॅरोची, मराठी आमचं ऐकून ऐकून उचललेलं, म्हणजे लिंग-वचन सगळं देवाच्या भरवशावर. दहा वर्षांपूर्वी बँकेच्या नोकरीसाठी अमेरिकेत गेला, तिथे नागपूरच्या अक्षयाशी लग्न केलं, ग्रीन कार्ड घेतलं. ऑफिस नॉर्थ कॅरोलायनात, घर साउथ कॅरोलायनात, मधली हद्द गाडीने वीस मिनिटांवर. गौरी त्यांच्या लेबर डेच्या लाँग वीकेंडला आल्या, म्हणून तो उर्वीला घेऊन आला. अक्षया हॉस्पिटलच्या फार्मसीत आहे, तिला रजा मिळाली नाही.

शनिवारी सकाळी आला तेव्हाच माझ्या लक्षात आलं. घरात शिरताना त्याचं उजवं कोपर कमरेला लागलं. जिना चढताना परत. दुपारी पोस्टमनने बेल वाजवली तेव्हा परत, आणि या वेळी मानही वळली.

"कंबर दुखतेय का रे?" मी विचारलं.

"नो, आई. हॅबिट आहे." हसला. मग हसायचं थांबला. "तिकडे असते ना तिथे. इथे नाहीये, डोन्ट वरी."

"काय असते?"

त्याने सांगितलं. मी कणीक भिजवत होते, हात तसाच परातीत राहिला.

अक्षया एकदा दुकानातून निघाली तेव्हा एक माणूस तिच्या गाडीमागे थेट घरापर्यंत आला. केलं काही नाही, रस्त्यापलीकडे गाडीत बसून राहिला पाऊण तास. पोलीस आले तोवर गेला होता. पुढच्याच आठवड्यात गंधारने पिस्तूल घेतलं. "आई, आता आमच्याकडे परमिट लागत नाही. नो क्लास, नो टेस्ट. शर्टाच्या खाली ठेवला की झाला. अर्ध्याहून जास्त स्टेट्समध्ये असंच आहे आता."

"परमिट नाही? अरे, इथे टीव्ही बघायला लायसन्स लागतं!"

"दॅट्स व्हॉट आय मीन," तो म्हणाला, जणू मी त्याचीच बाजू घेतली होती.

"आणि ऑफिसला? तिथेही घेऊन जातोस?"

"नाही ना. नॉर्थमध्ये अजून परमिट लागतो. तिथेपण लॉ बदलायला बघतायत, पण अजून झाला नाही. सो ऑफिसच्या दिवशी घरी ठेवतो."

"म्हणजे आठवड्यातले पाच दिवस ती बंदूक घरी असते. आणि उर्वीही घरी असते."

"सेफमध्ये, आई. लॉक्ड."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. एकतीस वर्षांत मी गोळी लागलेले नऊ पेशंट पाहिले. नऊच, हा देशच तसा आहे, पण नऊही मला चेहऱ्यानिशी आठवतात. एकाच्या गळ्यात शाळेचा टाय होता, तो मी माझ्या कात्रीने कापला होता. हे सगळं मी गंधारला सुनावलं, चांगलं अर्धा तास. तो ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "आई, तू तिथे राहत नाहीस. पार्किंगमध्ये हॉर्न मारायची पण भीती वाटते. सगळ्यांच्याकडे असते. कोणाकडे आहे ते दिसत नाही." आणि माझ्याकडे असं बघितलं की मला तो पाच वर्षांचा दिसला, शाळेच्या पहिल्या दिवशीचा. म्हटलं, सणाचे दिवस आहेत, पोरगं चार दिवसांसाठी आलंय. पुरे कर, शैला. केलं पुरे.

रविवारी गौरी आणायच्या होत्या. मी उर्वीला ओट्यावर बसवून नियम सांगितले. तोंडात पाणी. एक शब्द नाही. ताम्हन दोन्ही हातांनी. मागे बघायचं नाही. आणि खडे कुठून मिळाले, कसे मिळाले, हे गौर घरात असेपर्यंत कुणालाही सांगायचं नाही. हा शेवटचा नियम सासूबाईंचा नव्हे, माझा. गंधार लहान असताना सगळ्यांना सांगत सुटायचा की आमचा देव कुत्र्यांच्या नदीतला आहे, तेव्हापासून घातलेला.

"मग काय म्हणायचं?"

"अळीमिळी गुपचिळी."

"अलीमिली गुपचिली," ती म्हणाली आणि ओठांवर बोट ठेवलं. मग ते काढून विचारलं, "आजी, व्हॉट इफ मला शिंक आली?"

"पाणी गिळायचं आणि परत भरायचं."

मोहन तिच्याबरोबर नदीवर गेला. मोहन माझा नवरा. जीपी होता, आता रिटायर्ड, शांत माणूस. मी दारात गरम पाणी, दूध, हळदीकुंकू घेऊन उभी राहिले. वीस मिनिटांनी रस्त्याच्या वळणावर दोघं दिसली. पोरीचे गाल टम्म फुगलेले, नजर ताम्हनावर, पाऊल मोजून टाकत होती. शेजारच्या बाई तिला बघून हसल्या तरी हिची मान वळली नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला सांगू? चाळीस वर्षं मी एकटी चालले होते त्या रस्त्याने.

पाय धुतले. गुळणी तुळशीत पडली. मी विचारलं, "गौरी आली, कशाच्या पावली?"

"सोन्याच्या पावली!" गल्लीभर ऐकू जाईल असं ओरडली.

ताम्हनात चार तपकिरी खडे होते आणि पाचवा चमकत होता. माझ्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे, चौदा महिने झाले वेटिंग लिस्टवर, डावा डोळा जेमतेम दोघांचं काम करतो. मला दिसलं ते पितळी, गुळगुळीत, बोटाच्या पेराएवढं काहीतरी. वाटलं, पाण्याने घासून झालेली काच असेल, नाहीतर नळाचा तुकडा. नदीत काय काय सापडतं हल्ली. पोरीने हौसेने वेचलंय, टाकून दे कसं म्हणायचं?

"अगं बाई," मी म्हटलं, "ही तर खरीच सोन्याच्या पावलांची आली की!"

उर्वीचा चेहरा असा फुलला की बघत राहावं. मोहनने काहीतरी विचारायला तोंड उघडलं तर तिने त्याच्यासमोर ओठांवर बोट ठेवलं.

बाकीचे खडे आडवे पडत होते, हा पाचवा बुडावर सरळ उभा राहत होता. म्हणून मी त्याला मधोमध बसवला. त्याला हळद लावली, कुंकू लावलं, कापसाचं वस्त्र घातलं. मग ताम्हन उचलून घरभर फिरवलं. हे स्वयंपाकघर, इथे सगळं भरलेलं असू दे. ही गंधारची खोली, त्याला सुखी ठेव. ही उर्वीची गादी, हिला उदंड आयुष्य दे. मी, डॉक्टर शैला आगाशे, त्या वस्तूला हे सगळं मोठ्याने सांगत खोलीखोलीतून हिंडले.

सोमवारी घावन-घाटलं केलं. दुपारी हळदीकुंकवाला बायका आल्या. माझी मैत्रीण नीना इल्फर्डहून दोन गाड्या बदलून आली, तिनेही वाकून नमस्कार केला आणि म्हणाली, "मधली गौर किती गोड आहे गं, कुणी आणली?" उर्वी मागे हात बांधून उभी होती, लाजून लाल झाली, पण तोंडाला कुलूप. सगळ्या हसल्या. मी तिच्या गालावरून हात फिरवला. शहाणी माझी बाय ती, म्हटलं.

चारला सगळ्या गेल्या. उर्वी वर झोपली होती, विमानाची झोप अजून उतरली नव्हती. मी शिळी फुलं काढत होते, कुंकू फार साचलं होतं म्हणून मधला खडा ओल्या फडक्याने पुसला. बुडाशी बोटाला काहीतरी खरखरीत लागलं. गोल कोरलेली अक्षरं. मी पेपर वाचायचं भिंग आणलं. इंग्रजी नऊचा आकडा होता, आणि मधोमध एक बारीक वर्तुळ.

मला शरीरातून काढलेल्या गोळ्या माहीत होत्या, चेपलेल्या, वाकड्या, स्टीलच्या ट्रेमध्ये टण्णकन पडणाऱ्या. न झाडलेली कधी हातात घेतली नव्हती. मराठी पेपरात छापतात ना, जिवंत काडतूस. तेच. दोन दिवस माझ्या देव्हाऱ्यात तांदळावर उभं होतं, आणि समोर समई पेटलेली होती.

मी समई शांत केली. मग गंधारला बोलावलं आणि काही न बोलता तळहात त्याच्यासमोर धरला.

त्याचा चेहरा पांढरा पडला. "हे इथे कसा आला?"

"तूच सांग."

"ओ गॉड." तो खाली बसला. "रेंजवर गेलो होतो, प्रॅक्टिसला. गाडीत पडला असणार, सीटच्या खाली. तिला शायनी गोष्टी आवडतात, तिच्या ट्रेझर बॅगमध्ये टाकला असेल. ती बॅग चेक-इन सूटकेसमध्ये होती." दोन विमानतळांच्या मशिनींतून ते कसं निसटलं ते त्याला कळत नव्हतं, मलाही नाही.

"गाडीत? की त्या पेटीतून?"

"पेटीतून कसं? बायोमेट्रिक आहे, आई. माझा बोट लावल्याशिवाय उघडतच नाही. दुसऱ्या कोणाचा नाही चालत, अक्षयाचा पण नाही."

"माझी शपथ घे."

त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तुझा शपथ. गाडीतच पडला असणार."

आणि मी विश्वास ठेवला. का ठेवला विचाराल तर उत्तर सोपं आहे. मला ठेवायचा होता.

मोहन म्हणाला, "शैला, आपण पोलिसांना फोन करायला हवा. या देशात परवान्याशिवाय एक गोळी घरात असणं हासुद्धा गुन्हा आहे. नेतील, चौकशी करतील. झालं तर बरंच होईल, त्याला जरा धक्का बसेल."

"आणि त्याला ठेवून घेतलं तर? उद्या विमान आहे त्याचं. नोकरी गेली, ग्रीन कार्ड गेलं म्हणजे?" मी त्याच्यावर खेकसले. "मुलगा आहे तो तुझा, पेशंट नाही रेफर करायला!"

"उर्वीला तरी विचार, कुठे मिळालं ते."

"सात वर्षांची आहे ती. सणासुदीचं घाबरवू तिला?"

मोहनने हातातला फोन खाली ठेवला. जिंकले मी. आयुष्यात बहुतेक भांडणं मीच जिंकले आहे.

मंगळवारी सकाळी दहीभाताचा नैवेद्य दाखवला आणि आम्ही चौघं नदीवर गेलो. काठावर मीच उतरले. एक, दोन, तीन, चार खडे सोडले. मग पदराआडून पाचवा. पाणी घोटाभर होतं, तरी तो लगेच दिसेनासा झाला. रीतीप्रमाणे मूठभर वाळू घरी न्यायला घेतली. गंधारने डोळे मिटून हात जोडले होते, असा भाविक तो कधी नव्हता. त्याच्या चेहऱ्यावर सुटल्याचा भाव होता आणि माझ्याही असणार. आपण पोराला वाचवलं, असंच मला वाटत होतं.

हीथ्रोला बॅगांच्या रांगेत गंधार आणि मोहन पुढे होते. उर्वी माझं बोट धरून मागे. तिने माझी साडी ओढली.

"आजी, गौर गेली ना? आता बोलू का?"

"बोल की, बाळा."

"माझी गौर नदीतला नव्हताच." तिने खांदे उडवले, गंमत सांगतात तसे. "ती बाबाच्या बॉक्समधला आहे. बाबा सोफ्यावर झोपला ना, की त्याचा थंब हळूच लावायचा. आयपॅडसारखं. मग ओपन होते."

मला आजूबाजूचं काही ऐकू येईना. "तू... तू आतलं काय काय घेतेस?"

"गनला हात नाही लावत. ती हेवी आहे. एक लाँग डबी आहे, त्याच्यातून अंगठ्याने असं पुश केला की बाहेर येते. पेझच्या गोळ्या डबीतून निघतात ना, तसं. मी एकच घेतली. तुझ्या गौरीसाठी." मग वर बघून, "तुला आवडली ना?"

मी काय म्हणाले? मी म्हणाले, हो.

मग धावत पुढे गेले आणि गंधारला रांगेतून दंडाला धरून बाहेर काढलं. सगळं सांगितलं. लोक बघत होते, बघू देत. तो ऐकताना स्वतःच्या उजव्या अंगठ्याकडे बघायला लागला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा.

"विकून टाक," मी म्हटलं. "गंधार, पाया पडते तुझ्या, विकून टाक ती."

"मी बॉक्स बदलतो, आई. फर्स्ट थिंग. प्रॉमिस."

"बॉक्स नको बदलू. विक."

"अक्षयाला भीती वाटते घरी. मला पण वाटते. तो माणूस परत आला तर काय करू? तू सांग ना. काय करू?"

पोलिसांना सांगायची वेळ होती ती सोमवारची, आणि सांगायचं ते नदीत होतं, मीच टाकलेलं. ती दोघं आत गेली. उर्वी दिसेनाशी होईपर्यंत हात हलवत होती.

दोन आठवड्यांनी गंधारने फोटो पाठवला. नवीन पेटी, काळी, वर आकड्यांची बटणं. खाली लिहिलं होतं, 'कोड फक्त मला माहीत आहे. नाउ रिलॅक्स.' मी रोज फोन करत होते, रोज विक म्हणत होते. तो रोज बघतो म्हणत होता. फोटो आल्यावर मी तीन दिवस फोन केला नाही. जरा झोप लागायला लागली होती.

चौथ्या दिवशी, शनिवारी, आमच्या दुपारी तीन वाजता मी व्हिडिओ कॉल केला. तिथे सकाळचे दहा. उर्वीने उचलला. पडद्यावर नुसतं तिचं नाक.

"बाबा कुठे आहे?"

"बाबा लॉन कट करतोय." मागून मशिनची घरघर ऐकू येत होती. "मम्मा कामाला. आजी, तुला एक सीक्रेट सांगू? पण अलीमिली गुपचिली."

"सांग."

"नवीन बॉक्सचा नंबर मला माहिती आहे. मी फर्स्ट टाइमलाच गेस केला. माझा बर्थडे आहे!" ती हसत होती. पडदा हलला, जिना दिसला, दार दिसलं. "थांब, तुला दाखवते."

"उर्वी, नको! नको दाखवू!"

पण फोन तिने कशाला तरी टेकवून ठेवला होता, आणि मला ती पेटी समोर दिसत होती. टीं. टीं. टीं. टीं. चार बटणं. झाकण वर आलं.

मी थिएटरमध्ये कधी घाबरले नाही. पेशंटचं हृदय थांबलं तरी माझा आवाज चढायचा नाही, नर्सेस सांगतील. मी तोच आवाज काढला. ओरडले तर दचकेल, दचकली तर हात पडेल. तिला तिथून उठवायचं होतं, शांतपणे, दोन्ही हात गुंतवून, मागे न बघता. आणि मला एकच गोष्ट सुचली.

"उर्वी," मी म्हटलं, "चल, आपण गौरी गौरी खेळू. तोंडात पाणी धरायचं, फोन दोन्ही हातांनी धरायचा, ताम्हनासारखा. आणि चालत बाबाकडे यायचं. एक शब्द नाही. मागे बघायचं नाही. मी दारात उभी आहे."

"येस!" ती म्हणाली.

तिने फोन उचलला आणि पलंगावर उताणा टाकला. मला छत दिसायला लागलं. पांढरं छत आणि एक पंखा.

"उर्वी? फोन घे, बाळा. चल."

"थांब ना आजी," तिचा आवाज आला, जरा लांबून. "आधी खडे घ्यायला पाहिजेत ना."

माझ्या हाताखालचं टेबल सरकलं. काहीतरी जड उचलून बाजूला ठेवल्याचा आवाज आला. लाकडावर. मग खट्. मी म्हणाले, नको, खडे नकोत, या वेळी खड्यांशिवाय खेळायचं, आजी सांगते ना, पण माझं बोलणं तिच्यापर्यंत पोहोचत होतं की नाही देव जाणे. परत खट्. पंखा स्थिर होता. खट्. ती मोजत होती, मराठीत, मीच शिकवलेलं. तीन. चार. बाहेर गवताचं मशीन चालू होतं. मी मोहनला हाक मारली असणार, कारण तो दारात येऊन उभा होता आणि त्याच्या हातात त्याचा फोन होता, कानाला लावलेला. तो गंधारला लावत होता. गंधारचा फोन त्या पलंगावर होता. त्याच्यावरच तर मी बोलत होते.

मग नळाचं पाणी वाहिलं. फोन उचलला गेला. दोन फुगलेले गाल, नजर खाली. जिना एकेक पायरी. ती फार सावकाश चालत होती, मी शिकवलं होतं तशी. मशीनचा आवाज मोठा मोठा होत गेला आणि एकदम बंद पडला.

"हे, बेबी. व्हॉट्स अप?" गंधारचा आवाज.

गवतावर गुळणी पडल्याचा आवाज आला. फोन वाकडा झाला आणि मला ती दोघं दिसली. तिच्या फ्रॉकचा खिसा जड होऊन लोंबत होता. तिने त्यात हात घातला आणि तळहात उघडून वर धरला. पाच. पाचही चमकत होते. गंधारने एकदा हाताकडे बघितलं, मग मागे, वरच्या खिडकीकडे. तो गुडघ्यांवर बसला.

उर्वी त्याच्याकडे बघतही नव्हती. ती फोनमध्ये बघत होती, माझ्याकडे, वाट बघत.

"आजी," ती म्हणाली, "विचार ना! कशाच्या पावली?"